दारावरची चाचपणी

फार मागची गोष्ट. एका कड्याखालच्या गुहेत रानातली लेकुरवाळी जनावरं दिवस मावळला की पिल्लांना घेऊन झोपायला येत. पुढे तिथून सशांची पिल्लं नाहीशी होऊ लागली. साप कुणी पाहिला नव्हता, तरी सगळ्यांनी नाव त्याचंच घेतलं. मग साळिंदराला दारावर बसवलं. येणाऱ्याची पाठ चाचपायची. केस लागले तर आत, खवले लागले तर बाहेर.

त्या संध्याकाळी शेपटीवर पिल्लू घेऊन खवलेमांजर आलं.

"थांब बाई," साळिंदर म्हणालं. "तुला खवले आहेत."

"आहेत. पण मी पिल्लाला दूध पाजते. साप पाजतो का?"

"आत शिरायला कुणीही काहीही सांगेल."

"आणि तुझ्या पाठीवरचे काटे?"

"ते जाड केस आहेत," साळिंदर फणकारलं.

आतून सशीण म्हणाली, "बोलत काय बसलास तिच्याशी? अशीच गोड बोलून शिरतात."

खवलेमांजर दाराबाहेरच अंगाचं वेटोळं करून बसलं. वेटोळ्यात पोटाशी पिल्लू चुटूचुटू दूध पिऊ लागलं. साळिंदराला ते ऐकू आलं; पण त्याला फक्त पाठ तपासायला सांगितलं होतं.

तेवढ्यात रानबोका आला. साळिंदरानं त्याची पाठ चाचपली. इतके मऊ केस त्याच्या हाताला कधी लागले नव्हते.

"या, या," ते म्हणालं. "पिल्लांजवळ ऊब आहे, तिकडे बसा."

बोका मिशा चाटत आत गेला. अंधारातून सशिणीची हाक आली, "दारावरची शिळा नीट लाव रे. ती बाई अजून बाहेरच बसलीय."