अस्वलीण आणि पोटातला जाळ

सागाच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या कपारीत एक अस्वलीण राहत असे. मध, बोरे, मोहाची फुले, जे गोड लागेल ते ती तडस लागेपर्यंत खाई आणि तिथेच सावलीला लवंडे. हळूहळू ती इतकी जाड झाली, की चार पावले चालली तरी तिला धाप लागे. आणि मुलांनो, त्या जंगलातला ओढा उन्हाळ्यात आटून जाई. मग सगळ्या जनावरांना मोठा डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जावे लागे. गेल्या खेपेला अस्वलीण कशीबशी पोहोचली होती. यंदा तर तिच्या पाठीवर पिल्लू होते.

तिची ही काळजी एका तरसाच्या कानावर गेली. ते म्हणाले, "ताई, गोड सोड. माझ्यासारखी नुसती चरबी आणि हाडांतला मगज खा. पोटात असा जाळ पेटतो, की बसल्या जागी अंग झडतं!" अस्वलीण म्हणाली, "पिल्लासाठी तेही करीन." तिने मोहाच्या झाडाकडे पाठ फिरवली आणि वाघाने टाकलेल्या शिकारीची हाडे ती फोडू लागली. थोड्याच दिवसांत अंगातले पाणी उतरले, पोट आत गेले. तिला वाटले, जाळ पेटला! मग ती हवा तेवढा मगज खाऊ लागली आणि त्या जाळाच्या भरवशावर दिवसभर पडून राहू लागली. पुढे मात्र तिचे अंग तसूभरही हटेना.

एका म्हाताऱ्या सांबरिणीने हे पाहिले. ती म्हणाली, "बाई, खाणं बेतानं ठेव. रोज थोडी चढण चढत जा."

"आजी, माझ्या पोटात जाळ आहे. तो करील सगळं."

"असेल. खाणं बदललं की थोडा वाढतोही. पण निखाऱ्यावर एक फुंकर घातली म्हणून अख्खा ओंडका जळून जात नाही." अस्वलीण कुशीवर वळली.

ओढा आटला आणि सगळी जनावरे डोंगराकडे निघाली. अर्ध्या चढणीवर अस्वलिणीला धाप लागली. ती मटकन खाली बसली. पाठीवर पिल्लू तहानेने कण्हत होते. तिच्यासाठी सगळे थांबले असते, तर सगळेच तहानेने मेले असते. ती सांबरिणीला म्हणाली, "आजी, याला तुमच्यासोबत न्या."

"आणि तू?"

"मी येते मागून."

पिल्लाने आईचे केस घट्ट धरून ठेवले होते. त्याची नखे तिने एकेक करून सोडवली.

मग ती एकटीच चढू लागली. थोडे चालावे, बसावे, पुन्हा उठावे. कुठे खडकातून झिरपणारा ओलावा चाटावा, मिळेल तेवढी वाळवी खावी. कित्येक दिवसांनी ती तळ्यावर पोहोचली, तेव्हा तिची कातडी अंगावर लोंबत होती. तिला पाहून तरस आनंदाने म्हणाले, "ताई, माझं खाणं लागू पडलं म्हणायचं!"

"थोडं पडलं असेल," अस्वलीण म्हणाली, "बाकीचं डोंगराने झडवलं."

तिने पिल्लाला हाक मारली. ते सांबरिणीच्या पायांआड लपले. या हडकुळ्या जनावरात त्याला आपली आई दिसेना. अस्वलीण पुढे गेली नाही. थोड्या अंतरावर ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने पिल्लाने नाक वर करून वास घेतला आणि भीतभीत पहिले पाऊल टाकले.

तात्पर्य : खाणे बदलल्याने देहातला जाळ थोडासाच वाढतो. त्याच्या भरवशावर जो बसून राहतो, त्याचे चालणे काही चुकत नाही. ते फक्त महाग पडते.