राजाच्या पोटातली प्रजा

एका राज्यात काय घडलं, ते माझ्याइतकं खरं सांगणारा त्रिभुवनात दुसरा नाही. तसं म्हटलं तर मी तिथं नव्हतो, आणि ज्यानं मला सांगितलं तो जेवून अर्धा झोपेत होता. पण अर्धं खरं म्हणजे काही थोडं नव्हे.

तर त्या राज्यात झुंजारसेन नावाचा राजा होता. वाघाला भीत नसे, तलवारीला भीत नसे, शब्दाला मात्र भारी भ्यायचा. निघताना कुणी 'येतो' न म्हणता 'जातो' म्हणालं की राजाला दिवसभर घास उतरत नसे. अशा या राजाचं मृणालवतीशी लग्न लागलं. पंगती बसल्या. तोच भस्मनाथ मांत्रिक पानावरून उठला आणि गरजला, "या लग्नात विरजण पडलंच पाहिजे!" एवढं बोलून, जटा फरफटवत तो चालता झाला.

राजाच्या हातातला लाडू हातातच राहिला. सुखावर विरजण! भर मांडवात शाप! पण राजा स्वतःला मोठा हुशार समजे. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: राज्यात विरजण म्हणून ठेवायचं नाही. विरजणच नसलं, तर पडेल काय, कपाळ? दरबाऱ्यांनी माना डोलावल्या; दरबाऱ्यांना माना त्यासाठीच तर असतात. दह्याची मडकी फुटली. ताक, आंबील, कांजी, जे जे आंबट ते ते नदीत गेलं. त्या साली मासे काय तुकतुकीत झाले होते म्हणून सांगू!

आणि राजाच्या पानात उरलं काय? खाजा, पाकातल्या पुऱ्या, दुधाची बासुंदी आणि चाळून चाळून चांदण्यासारखं केलेलं पीठ.

हळूहळू राजाचं मन ठिकाणावर राहीना. बसला तर उठावंसं वाटे, उठला तर कुठं जावं ते सुचेना. दार लावलं का ते बघायला जाई आणि दारापाशी पोचल्यावर, आलो कशाला होतो, ते आठवत उभा राही. राणी हसली तर, ही का हसली? राणी गप्प बसली तर, ही गप्प का? छातीत पाखरू फडफडे, पोटात गोळा उठे. वैद्यांनी नाडी धरली. राजा नाडीसकट येरझारा घालू लागला.

एरवी राजानं येरझारा घालाव्यात, चपला झिजवाव्यात, कुणाचं काय गेलं असतं? पण त्या राज्याचं सिंहासन शापित होतं. दसऱ्याला राजानं त्यावर एक प्रहर न हलता बसायचं. जेवढा हलेल तेवढं राज्य मिठाचं होई. मागल्या दसऱ्याला राजा एकदाच चुळबुळला, तर पूर्वेची तटबंदी मिठाची झाली. गाई चाटून चाटून ती कमरेएवढी करून बसल्या होत्या. आता पुन्हा दसरा येत होता, आणि या खेपेला राजा श्लोक संपेपर्यंतसुद्धा बसू शकत नव्हता. घरंदारं, माणसं, राणी, सगळं मिठाचं होणार, हे त्याला कळत होतं. कळल्यानं चुळबुळ आणखी वाढत होती.

एके दिवशी सज्जात तो असाच फेऱ्या घालत असता कठड्यावरची साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, फक्त उगाच बोलत नसत.

"राजा, तुझी प्रजा रडते आहे."

"कोण रडतं? मी न्याय करीन."

"बाहेरची नव्हे. आतली." आणि तिनं राजाच्या बेंबीवर चोच टेकवली.

राजाला ऐकू आलं. पोटात एक अख्खं नगर होतं. तिथली माणसं राईहून बारीक, पण गलका दसऱ्याच्या बाजाराएवढा. अन्न नाही, आंबट नाही, भरड नाही. नुसत्या पाकाचा पूर येतो नि वाहून जातो, असं म्हणत ती रडत होती. तो आकांत पाठीच्या कण्याची शिडी चढून थेट मस्तकात जात होता. राजाला वाटलं होतं, मन बिघडलंय. मन बिचारं खालचा आरडाओरडा ऐकत जागं होतं.

साळुंकीनं तीन कामं सांगितली. विरजण शोधून आण. भरड दळून आण. आणि दही लाव, आपल्या हातानं.

विरजण उरलं होतं एकाच ठिकाणी, भस्मनाथाच्या तुंबीत, म्हणजे वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात. शाप देणाऱ्याच्याच दारी जायचं! राजा धापा टाकत डोंगर चढला. वर मांत्रिक भातात ताक कालवत बसला होता. राजानं हात जोडून शाप मागे घेण्याची विनंती केली.

"कसला शाप?" मांत्रिक म्हणाला.

राजानं लग्नातल्या गर्जनेचा प्रसंग सांगितला. मांत्रिकानं बोटं चाटली.

"राजा, तुझ्या पंगतीत नऊ गोडाचे पदार्थ होते. मी मठ्ठा मागितला. वाढपी म्हणाला, दही लागलंच नाही. म्हणून ओरडलो. उपाशी माणूस ओरडतो."

राजानं कपाळावर हात मारून घेतला. मांत्रिकानं त्याला ताकभात वाढला, निघताना तुंबी हातात दिली.

दुसरं काम रानातल्या जात्याकडे. ते जातं बोलकं आणि तोंडाळ. राजानं नाचणी घातली, दोन फेरे दिले आणि सवयीनं चाळणी मागितली. जात्यानं पीठ त्याच्या तोंडावर फुंकलं. कोंडा फेकणाऱ्याला पीठ नाही, असं त्यानं बजावलं. शिवाय, ओढतोयस की दाताला मिश्री लावतोयस, असंही विचारलं. असं राजाशी कुणी बोललं नव्हतं. राजा मुकाट ओढू लागला. हाताला फोड आले, आणि दळता दळता, आपण मघापासून कशाचीच काळजी केली नाही, याची त्याला काळजी वाटली. तिथंच निखाऱ्यावर भाकरी भाजून त्यानं खाल्ली. पोटातला गलका जरा उतरला. एका भाकरीनं कुणी साधू होत नाही, पण तो रोज दळू लागला, रोज खाऊ लागला. श्रावण सरला, भाद्रपद लागला.

राहिलं दही. ऐकायला सोपं. राजानं कोमट दुधात विरजण घातलं, झाकण ठेवलं, आणि लागलं का ते बघायला झाकण काढलं. मग हलवून बघितलं. मग बोट घालून बघितलं. दूध नासलं. दुसऱ्यांदा त्यानं मडकं मांडीवरच घेतलं, नि मांडी जन्माची उडती. तेही गेलं. आता तुंबीच्या कडेला थेंबभर विरजण उरलं होतं, त्याच्या पलीकडे साऱ्या राज्यात नाही.

तो थेंब दुधात पडला. राजा मडक्यापासून हातभर दूर, ऊन अंगावर घेत, दोन्ही हात ढुंगणाखाली दाबून बसला. झाकण बघावंसं वाटलं. वाटू दिलं. पळावंसं वाटलं. तेही वाटू दिलं. पोटातलं नगर भाकरी खाऊन दुपारची डुलकी घेत होतं. ऊन कलतं झाल्यावर साळुंकीनं झाकण उचललं. दही असं लागलं होतं की चोच मारली तर खूण राहावी.

त्या थेंबाचं विरजण घरोघर गेलं. दसरा उजाडला. राजा सिंहासनावर बसला. सिंहासनानं अंग झटकलं, खिंकाळलं, राजाच्या नाकावर माशी आणून बसवली. राजा हलला नाही. प्रहर संपला तसं सिंहासन म्हाताऱ्या बैलासारखं खाली टेकलं, आणि त्याच्यातला शाप धुरासारखा निघून गेला. पूर्वेची तटबंदी पुन्हा दगडाची झाली. गाई तेवढ्या नाराज झाल्या.

राजा मिशीला पीळ देत खाली उतरला आणि राणीपाशी आला.

"पाहिलंस, मृणालवती? अखेर मी मन जिंकलं."

राणी म्हणाली, "आपण जिंकलंत? मग उद्यापासून भाकरी-ताक बंद करते. आठवड्यानं बसून दाखवा."