पिराजीमामा विमानानं दिब्रुगडला जातो

ढेकळवाडीत पिराजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे इतका, की बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा," तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत पापणी हलवायचा नाही. लक्ष ठेवलं होतं की!

त्याची बहीण हौसा राहायची पार आसामात, दिब्रुगडला. नवरा तिथं चहाच्या मळ्यावर नोकरीला. तिच्या लेकीचं, प्रणालीचं लग्न ठरलं आणि हौसा फोनवर रडायलाच लागली. "दादा, मामानं हात धरून आणल्याशिवाय पोरगी बोहल्यावर कशी चढेल? गोरज मुहूर्त आहे. तू वेळेवर ये रे!"

पिराजीच्याही डोळ्यांना धार लागली. तडक मास्तरांकडे गेला. मास्तरांनी नकाशा उलगडला. "आपला विमानतळ हा, दिब्रुगड ते. वीतभर वाट. आगगाडीनं गेलास तर तीन दिवस. विमानानं सकाळी निघून संध्याकाळी."

पिराजी घरी आला. उंबऱ्यापासून अंगण वितेनं मोजत निघाला आणि तुळशीपाशी मटकन बसला.

"अनसे, घात झाला! एका वितेला अख्खा दिवस. फाटक ओलांडेस्तोवर प्रणालीला नातवंडं होतील!"

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, विमान सरळ जातं, म्हणून लवकर पोचतं. कळलं?"

"कळलं की!"

निघायच्या दिवशी पिराजीनं विमानतळाकडे नाक केलं आणि सरळ सुटला. पाटलांच्या उसातून गेला. गोठ्यात म्हशीच्या पोटाखालून गेला. सखूआजीच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीवरून उडी मारली.

आजीनं लाटणं उगारलं. "मुडद्या, घर आडवं आलं की वळसा घालून जावं!"

"बरं आजी."

पुढं विमानतळाची इमारत आडवी आली. पिराजीनं वळसा घातला. पुन्हा तीच आली, पुन्हा वळसा. शेवटी पहारेकऱ्यानं धरून आत नेला आणि खुर्चीवर दाबून बसवला. "काका, बोलावल्याशिवाय उठायचं नाही!"

"बरं साहेब."

वाटेत विमान बदलायचं होतं, ते एका भल्या सहप्रवाशानं हाताला धरून बदलवलं. नाहीतर गोष्ट तिथंच संपली असती. दिब्रुगड आलं. सगळे उतरले, पिराजी बसूनच.

"काका, उतरा ना!" हवाईसुंदरी म्हणाली.

"कुणी बोलावलं कुठं?"

तिनं हात जोडले. "पुढचा चालला की त्याच्या पाठोपाठ चालायचं. मधे फट ठेवायची नाही!"

"बरं ताई."

हौसानं न्यायला पाठवलेल्या माणसाच्या पाठोपाठ पिराजी मांडवात शिरला तेव्हा मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. हौसाचा जीव भांड्यात पडला. पिराजीनं भाचीचा हात धरला आणि रीतसर बोहल्यावर आणली. अक्षता पडल्या. "दादा, तू होतास म्हणून निभावलं बाई!" हौसा हसत-रडत म्हणाली.

मग होम पेटला. धूर असा झाला, की भटजींसकट सगळ्यांनी डोळेच मिटून घेतले. सप्तपदी सुरू झाली. पुढं नवरदेव, मागं प्रणाली, तिच्या पाठोपाठ पिराजी. तेवढ्यात तिचा शालू पायात अडकला, ती सावरायला थांबली आणि मधे फट पडली!

 पिराजी झटकन त्या फटीत शिरला.

सातही पावलं नवरदेवाच्या पाठोपाठ चालला.

"झालं!" भटजी म्हणाले. "आता बायकोचा हात धरा."

नवरदेवानं लाजत हात मागं केला. हाताला लागला हा राकट पंजा! वळून बघतो तर झुपकेदार मिशा.

हौसानं किंकाळी फोडली. पिराजी मात्र जावयाला ढोसत म्हणाला, "बघताय काय जावईबापू? सरका पुढं! मागं नवरी खोळंबलीय."