अंबरखेडात अत्तरवाल्याचा हात का हुंगत नाहीत

अंबरखेडच्या वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला अत्तार आळी लागते, आणि आळी संपते तिथे दमटेकडी उभी. नाव ठेवणाऱ्याने खोटं काही सांगितलेलं नाही. माथ्यावरच्या भैरोबापर्यंत जाताना भल्याभल्यांचा दम निघतो. बाहेरगावची मंडळी अत्तर घ्यायला येतात आणि आधी हेच बघून हसतात, की चांगल्या घरची, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं भर उन्हात टेकडी चढताहेत, उतरताहेत, आणि उतरता उतरता आपलंच मनगट हुंगताहेत.

दुसऱ्या गावांत अत्तरवाला काय करतो? अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया स्वतःच्या हातावर फिरवतो, तो हात तुमच्या नाकाशी धरतो आणि म्हणतो, "घ्या, अस्सल माल आहे." अंबरखेडात असा हात कुणी पुढे करणार नाही. इथे थेंब लागतो तो गिऱ्हाइकाच्या मनगटाला, आणि वर ऐकू येतं, "टेकडी करून या, मग बोलू." मागे एक बडे बागायतदार गाडी घेऊन आले होते. त्यांनी थेंब लावून घेतला, टेकडीकडे एकदा बघितलं, आणि तेच अत्तर ड्रायव्हरच्या मनगटाला लावायला सांगून त्याला वर पिटाळलं. तो घामाघूम होऊन परतला. दुकानदाराने त्याचं मनगट हुंगलं, मान डोलावली आणि बाटली त्याच्याच हातात ठेवली. "साहेब, हे यांचं झालं. तुमचं अजून टेकडीवर आहे." साहेब चिडले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. बुटांच्या नाड्या आवळल्या आणि निघाले.

ही रीत कशी पडली, ते आळीतली म्हातारी माणसं असं सांगतात.

अंबरखेड तेव्हा रायाजीराव नावाच्या सरदाराच्या जहागिरीत होतं. आळीत अत्तारांची मोजकी घरं, आणि त्यांत नाव होतं शहाबीचं. नवरा लवकर गेला, तेव्हा लोक म्हणाले, आता भट्टी थंड पडणार. शहाबीने दुसऱ्याच दिवशी चुलाणात लाकडं सारली. फुलं तांब्याच्या डेगेत शिजवायची, त्यांची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची, हे काम ती बापाच्या मांडीवर बसून शिकली होती. अत्तर उतरलं की ती त्याचा एक थेंब आपल्या डाव्या हाताच्या पाठीवर चोळी आणि डोळे मिटून हुंगे. तिने मान हलवली की माल पसंत. "शहाबीचा हात म्हणजे सराफाचा काटा," असं गावोगावचे व्यापारी म्हणत. तिला ते ऐकायला आवडे, आणि का आवडू नये?

एका वर्षी सरदारांनी दसऱ्याच्या दरबारासाठी अत्तर मागितलं. मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. नवे व्याही, संभाजीराव, पहिल्यांदाच दरबाराला यायचे होते. शहाबीने केवडा आणि गुलाब मिळून असं काही उतरवलं की ते हातावर लावल्यावर तिचे स्वतःचेच डोळे भरून आले, म्हणे. ती नणंदेला म्हणाली, "बदामबी, याच्यापुढे आता काही करायचं उरलं नाही बघ."

दसऱ्याच्या सकाळी सरदारांनी ते अत्तर अंगभर लावलं. दरबार भरला, मंडप तापला. अंगात भरजरी अंगरखा, वर शेला, डोक्यावर मंदील. दुपार कलू लागली तसे जवळ बसलेले मानकरी हळूहळू मागे सरकू लागले. कुणी उपरणं नाकाशी नेलं. शेवटी व्याह्यांनीच तोंड उघडलं. थट्टेचा हक्कच त्यांचा.

"व्याहीबुवा, घट उठले ना सकाळी? मग निर्माल्य अजून अंगावर कसं?"

दरबार हसला. रायाजीराव हसले नाहीत.

शहाबीला बोलावणं गेलं. ती आली ती ताठ मानेने. "सरकार, अत्तरात खोट नाही. माझ्या हातावर बघा." तिने तिथल्या तिथे थेंब हातावर चोळून पुढे केला. सरदारांनी हुंगलं. सुगंध स्वर्गीय होता, आणि तिथेच घोटाळा झाला.

"म्हणजे खोट आमच्या अंगात आहे?"

व्याही तेवढे मिशीआड खोकले.

सरदार म्हणाले, "गुढीपाडव्याला आम्हाला यांच्याकडे जायचं आहे. त्याआधी आम्हाला शोभेल असं अत्तर आणून दे. नाही जमलं, तर आळीतल्या सगळ्या भट्ट्या विझवायच्या, डेगा तळ्यात टाकायच्या आणि अत्तारांनी दुसरं गाव बघायचं."

शहाबी घरी आली तेव्हा सारी आळी तिच्या दाराशी जमलेली. तिने पदर खोचला आणि चुलाण पेटवलं.

मग मोगरा झाला, हिना झाली, वाळा झाला. प्रत्येक अत्तर तिच्या हातावर सुरेख दरवळायचं आणि वाड्यावरून परत यायचं. फाल्गुन लागला, आणि एके दिवशी भाकरी थापायला बसलेल्या, भट्टीला कधी हात न लावलेल्या बदामबीच्या मनगटाला तिने सहज उरलेला थेंब लावला. थोड्या वेळाने बदामबीने नाक मुरडलं.

"भाबी, हे काय लावलंत? यापेक्षा माझं चुलीजवळचं फडकं बरं."

शहाबी उठली, कोनाड्यातल्या दिव्यातलं तिळाचं तेल बोटावर घेतलं, आपल्या हाताला चोळलं आणि हात बदामबीपुढे धरला.

"हे बघ कसं आहे."

"वा! हे द्या की सरकारांना. काय घातलंत यात?"

"दिव्यातलं तेल आहे ते."

बदामबीच्या हातातली भाकरी परातीत पडली. लहानपणापासून चंदनाच्या तेलात बुडालेला तो हात. कातडीत, नखांत, रेषांत चंदन मुरलेलं. त्याच्यावर काहीही लावा, ते सुंदरच होणार. ज्याला ती उभा जन्म काटा समजत आली, त्याचं एक पारडं आधीपासूनच जड होतं, हे शहाबीला त्या घटकेला कळलं. आळीतल्या प्रत्येक अत्ताराचा हात तसाच होता. खोट अत्तरात नव्हती आणि सरदारांच्या अंगातही नव्हती. बघायची जागा चुकली होती.

तिने डावा हात फडक्यात घट्ट गुंडाळला आणि नवस बोलली, की आळी वाचली तर या हातावर पुन्हा अत्तर बघणार नाही आणि कुणाला बघूही देणार नाही. मग तशीच वाड्यावर गेली.

"सरकारांनी माझ्याबरोबर दमटेकडी चढावी. अंगाला काही न लावता. आणि पायी."

कारभारी ओरडला, "अगं, सरकार दारातून पालखीत बसतात!"

"म्हणून तर," शहाबी म्हणाली. "अत्तर लावतात गादीवर आणि ते जगतं उन्हात. मला उन्हातले सरकार बघायचे आहेत."

का कोण जाणे, रायाजीराव उठले. कदाचित व्याह्यांचं ते वाक्य अजून सलत असेल. टेकडी चढताना ते वाटेत कितीदा बसले ते कुणी सांगत नाही; सरदार होते, आपणही विचारू नये. माथ्यावर पोचले तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता. शहाबीने त्यांचं मनगट हुंगलं. घाम कडवट होता, तापल्या लोखंडासारखा. गोड फुलं या घामाशी भांडतात आणि हरतात, हे तिने ओळखलं. याला गोडवा वरून लावायचा नव्हता. कडूशी मैत्री करून आतून काढायचा होता.

देवळामागे गुरवाने भैरोबासाठी दवण्याचे वाफे केले होते. चैत्रात देवाला दवणा वाहतात, म्हणून. शहाबीने एक काडी खुडली, चुरडली आणि सरदारांच्या मनगटाला चोळली.

"दवणा?" सरदारांच्या कपाळाला आठी पडली. "बाजारात मूठभर धान्याला जुडी मिळते, ते आम्ही लावायचं?"

"देवाला चालतं, सरकार."

खाली उतरेपर्यंत ऊन आणखी तापलं. पायथ्याशी शहाबीने त्यांना मनगट नाकाशी न्यायला सांगितलं. कडू दवणा आणि कडू घाम एकमेकांत विरले होते, आणि त्यांतून पाडाच्या आंब्याची अढी उघडावी तसा दरवळ येत होता. रायाजीरावांनी मनगट पुन्हा एकदा हुंगलं. मग कारभाऱ्याला म्हणाले, "गुरवाला सांगा, देवापुरता ठेवून बाकीचा दवणा हिच्या भट्टीवर पोचवा."

पाडव्याला सरदार व्याह्यांच्या गावी गेले, पालखी सोडून, घोड्यावर, उन्हातून. संभाजीरावांनी मिठी मारली आणि सोडायलाच तयार होईनात. "अहो, काय लावलंय हे? आम्हालाही द्या." सरदारांनी कुपी काढून दिली. व्याह्यांनी ती हौसेने अंगाला चोपडली. जेवणं होऊन पानं लागली तोवर त्यांच्या अंगाला भिजल्या गवताचा वास येऊ लागला. ते कुरकुरले, "तुम्ही आम्हाला वेगळंच दिलंत."

"कुपी तीच आहे, व्याहीबुवा," रायाजीराव म्हणाले. "अंग तुमचं आहे."

या वेळी हसले ते रायाजीराव. आणि परत आल्यावर त्यांनी शहाबीला सोन्याचं कडं देऊ केलं. तिने ते घेतलं नाही. ती म्हणाली, "माझा नवस आळीचा होऊ द्या. इथला अत्तार आपला हात पुढे करणार नाही, आणि टेकडी चढल्याशिवाय इथलं अत्तर कुणाला मिळणार नाही. सरकारांनासुद्धा." रायाजीरावांनी हो म्हटलं आणि टेकडीला दगडी वाट बांधून दिली. व्याह्यांना पुढच्या दसऱ्याला ती चढावी लागली. त्यांना वाळा शोभला, म्हणे.

भट्ट्या विझल्या नाहीत. आजही आळीत शिरलात तर धूर दिसेल, आणि बाटल्यांवर फुलांची नावं दिसणार नाहीत, माणसांची दिसतील. दूर शहरात सुगंधांची मोठमोठी दुकानं झाली, कागदाच्या पट्ट्या हुंगायला देतात. देऊ देत. अंबरखेडचा माणूस गर्दीत डोळे मिटून आपल्या बायकोला ओळखतो, हे त्या पट्ट्यांना जमायचं नाही.

परवाच एक गृहस्थ आले. वडील वारले होते. त्यांची रिकामी बाटली खिशातून काढून म्हणाले, हेच भरून द्या, मला त्यांच्यासारखं वाटायला हवंय. दुकानदाराने बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि भरूनही दिली.

"ही देव्हाऱ्याजवळ ठेवा, हे त्यांचं," तो म्हणाला. "आता बाही सरकवा. तुमचं काढू या. टेकडी समोरच आहे."