चिखलातली पहिली पावलं

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच आठवत नाही. पण खाडीकाठचं ते गाव आठवतं, कारण तिथल्या बायका चिखलातून तिसऱ्या काढण्यात पटाईत होत्या. शिंपल्यातल्या त्या गोडसर जिवासाठी राजधानीतले लोक वेडे होते. दर आठवड्याला होडी यायची, तिसऱ्या न्यायची आणि बदल्यात तांदूळ द्यायची. खाऱ्या जमिनीत भात पिकत नव्हता, तेव्हा गावाची चूल पेटायची ती त्या होडीच्या जिवावर.

गावाची एक रीत होती. ओहोटी लागली की गावातली थोरली आजी शंख फुंकायची. मग सगळ्या बायका एकदम चिखलात उतरायच्या आणि एकदमच बाहेर यायच्या. एकटीने उतरायचं नाही, आणि अंगठ्याच्या नखापेक्षा लहान तिसरी उचलायची नाही.

एका वर्षी राजधानीत साथ आली. होडीवाला काठापासून लांबच थांबला आणि ओरडून सांगून गेला, की वेशी बंद झाल्यात, बाजार उठलाय, खानावळी ओस पडल्यात. वर कुणीतरी उठवलंय, की साथ या तिसऱ्यांतूनच येते. आता वेशी उघडतील तेव्हाच येईन.

धुरपीला त्यातलं अक्षरही पटलं नाही. धुरपी म्हणजे दोन लेकरांची आई, नवरा समुद्राने नेलेला, आणि स्वभाव असा, की घरात मीठ आणलं तरी खारट आहे ना ते चाखून बघायची. होडीवाल्याने पलीकडच्या गावाशी संधान बांधलंय, असं तिने मनात पक्कं केलं.

आजीने सगळ्यांना बसवून समजावलं. "तिसऱ्या चिखलात आहेत तोवर जिवंत आहेत, वाढतायत. बाहेर काढल्या की चार दिवसांत मेल्या. होडी येईपर्यंत खाडी हेच आपलं कोठार. कुणी उतरू नका गं." उरलेल्या तांदळाची पेज करून दिवस काढायचं ठरलं. सगळ्या माना डोलावून घरी गेल्या.

धुरपीनेही मान डोलावली, पण घरी येताच तिच्या मनात किडा वळवळायला लागला. शेजारची भिवरा मघाशी मान जरा जास्तच डोलवत होती, नाही का? तिने आधीच सगळं खरवडून नेलं, तर होडी येईल तेव्हा आपल्या पोरांच्या पानात काय पडणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, धुरपी एकटीच चिखलात उतरली. तिसऱ्या काढायला नाही हं! कुणी काढतंय का, एवढंच बघायला. चिखल सगळीकडे सारखा होता, कुठे उकरल्याची खूण नव्हती. ती निवांत मनाने परत आली.

तिसऱ्या दिवशी बघते तर चिखलात ताजी पावलं, आणि ती थेट भिवराच्या परसाकडे गेलेली.

धुरपीच्या अंगाचा तिळपापड झाला. टोपली घेऊन ती उतरली आणि हाताला लागेल ते उपसत सुटली. ते बघून भिवराही टोपली घेऊन धावली. दोघींना बघून अख्खं गाव उतरलं. आजीने शंख फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले, पण ऐकतंय कोण? तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लंसुद्धा टोपल्यांत गेली. मग जी ती आपल्या परसात ढीग घालून, वर ओलं गोणपाट टाकून, दारात राखण करत बसली. कुणी कुणाकडे विस्तव मागायलाही जाईना.

आठवडाभरात दर परसातून घाण सुटली.

महिन्याने होडी आली. साथ ओसरली होती, आवई खोटी ठरली होती, आणि राजधानीतले लोक तिसऱ्यांसाठी आसुसले होते. होडीवाला म्हणाला, टोपलीला दुप्पट तांदूळ देतो. धुरपीने मिठाच्या पाण्यात जपलेली शेवटची टोपली पुढे केली. त्याने दोन शिंपले उचलून एकमेकांवर ठोकले. जिवंत शिंपला दगडासारखा वाजतो. हे फुटक्या मडक्यासारखे वाजले. त्याने ते हळूच खाली ठेवले आणि तांदळाने भरलेली होडी तशीच वळवली.

काठावर धुरपी आणि भिवरा तेवढ्या उरल्या.

"खरं सांग," धुरपी म्हणाली, "तू का उतरली होतीस?"

"तुझी पावलं दिसली म्हणून," भिवरा म्हणाली. "बघायला गेले, तू काही नेलंस का. त्याआधी चिखलात कुणाचंच पाऊल नव्हतं."

धुरपीने टोपलीतले मेलेले शिंपले चिखलात ओतले. घरी पोरं तांदळाची वाट बघत होती आणि ती मोकळी टोपली घेऊन जायला धजत नव्हती.

खाडी पुन्हा भरायला तीन वर्षं लागली. तोवर गावाने परक्यांच्या शेतात राबून पोट भरलं. पुढे शंख वाजला तेव्हा धुरपी सगळ्यांच्या आधी काठावर आली, पण भिवरा येईपर्यंत तिने चिखलात पाऊल टाकलं नाही.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात धरा: चोरी झालेली नसताना संशयाने टाकलेलं पाऊलच लुटीची वाट पाडतं.