निंबारीचे कापलेले कोपरे

फोन जरा खाली ठेवा आणि या कोपऱ्यावरून हात फिरवून बघा. जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत दगड तासून गोल केलाय. त्याच्या वर मात्र तोच कोपरा पुन्हा सरळ आणि धारदार. निंबारीच्या या जुन्या पेठेत असे एकोणीस कोपरे आहेत. तुमच्या नकाशात हा सातव्या नंबरला आहे ना? हल्ली रोज चार-दोन माणसं येतात, कानात बोंडं घालून आपली आपणच फिरतात. लादलेल्या जनावरांना वळता यावं म्हणून कोपरे कापले, असं त्यात सांगतात म्हणे. खोटं नाही ते. पण हा एकच कोपरा आरशासारखा गुळगुळीत आणि बाकीचे अठरा उंदरानं कुरतडल्यासारखे का, ते विचारा बघू तुमच्या फोनला.

गप्प बसला ना? मग टेका या पायरीवर. मी अनसूया कासार. पन्नास वर्षं इथंच बसून बांगड्या भरते, आणि ही हकिकत मला माझ्या सासूनं सांगितली.

पूर्वी निंबारी खाली नदीकाठी होती. एका पुरात सगळं गाव वाहून गेलं, तेव्हा लोकांनी या टेकडीवर नवी पेठ वसवायला घेतली. काम दिलं राणोजी पाथरवटाला. त्याच्यासारखा हात दहा गावांत नव्हता. दोन्ही बाजूंनी गोणी लादलेला बैल उभा करून त्यानं गल्लीची रुंदी ठरवली, आणि काळ्या दगडाची एकोणीस घरं उभी केली. कोपरे असे की त्यावर लिंबू टेकवावं तर चिरावं. बघायला लांबून माणसं यायची, तुम्ही आलात तशीच.

शेवटचं घर पुरं होत आलं तेव्हा राणोजीनं निंबाईच्या देवळात भंडारा उचलला. "माझ्या कोपऱ्याला जर कुणाची छिन्नी लागली, तर आई, त्या दिवसापासनं मी हत्यार धरनार न्हाई," असं बोलला. भक्ती म्हणा, गर्व म्हणा. कारागिराच्या अंगात दोन्ही एकाच वाटेनं येतात, मी सांगते तुम्हाला.

चारच दिवसांत, म्हणे, माडीवर चढवताना एक चिरा सुटला आणि भिवा नावाच्या बिगाऱ्याच्या पाठीवर पडला. भिवा जिवंत होता, पण हलवलं की ओरडायचा. हाडवैद्य राहायचा खाली वेशीपाशी. त्यानं निरोप धाडला, "बाजंवर सरळ झोपवून आणा. बाज कलली तर मानूस गेला म्हनून समजा." तुम्ही म्हणाल, वैद्यालाच वर का नाही आणलं? तो बिचारा दोन्ही पायांनी पांगळा होता. पाठुंगळी आणला असता, तरी हाड बसवायचा सगळा सरंजाम त्याच्या घरीच होता.

बाज अडली ती या इथं. चौघांनी भिवाची बाज खांद्यावर घेतली, गल्लीतून सरळ आणली आणि या कोपऱ्यावर वळवायला गेले, तर पुढचे खूर भिंतीला आणि मधला भाग कोपऱ्याच्या धारेला. पुढं जाईना, वळेना. कुणी म्हणालं, जरा तिरकी करा. जरा तिरकी केली तर भिवानं अशी किंकाळी फोडली की बायकांनी कानांवर हात ठेवले.

राणोजी तिथंच उभा होता. कोपरा फोडावा तर हातातलं हत्यार कायमचं सुटणार. लहानपणापासून छिन्नीशिवाय त्याला काही येत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. तेव्हा आमच्या घराण्यातली चिमाबाई कासारीण पुढं झाली, असं सांगतात. ती म्हणाली, "राणोजीदादा, मनगट बघून बांगडी काढली की ती मुठीवर अडतीच. माप मुठीचं घ्यावं लागतं. तुमी बैल सरळ उभा केला. त्याला वळवून कुठं बघितला?"

राणोजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "माप माजं चुकलं. भिवानं का सोसावं?" माणसं म्हणाली, आम्ही फोडतो, तुम्ही बाजूला व्हा. पण वर माडीचा भार होता आणि कुठला दगड कशावर तोललाय ते त्यालाच ठाऊक. त्यानं देवीच्या दिशेला हात जोडले आणि स्वतःच छिन्नी लावली. काळा दगड इतक्या लवकर कसा तुटला ते मला विचारू नका, मलाही ते कोडंच आहे. बाजेपुरती उंची झाल्यावर तो थांबला. तुमच्यासोबतच्या या ताई मघापासून विचारताहेत ना, वरचा कोपरा का सोडला? तो यासाठी. बाज डोक्याच्या वरून जात नाही. घाई होती तरी शेवटचा हात त्यानं असा फिरवला की जाणाऱ्याचं कातडं सोलू नये.

बाज वळली. भिवा जगला, पुढं काठी टेकत चालायला लागला.

राणोजीनं छिन्नी निंबाईच्या पायाशी ठेवली. राहिले अठरा कोपरे. त्यांच्यावर तो नुसत्या कोळशानं रेघा ओढत गेला, आणि ज्याचं घर त्यानं आपला कोपरा आपल्या हातानं फोडला. कोणी तेली, कोणी शिंपी, त्यांना कुठली पाथरवटाची कला? म्हणून ते तसे ओबडधोबड. राणोजी शेजारी उभा राहून बघायचा आणि त्याची बोटं आपोआप हलायची, असं माझी सासू सांगायची. सांगताना दर वेळी तिचे डोळे भरायचे. माझेही भरतात.

आजही जुन्या पेठेबाहेर कुणी नवं घर बांधलं, सिमेंटचं का असेना, तर कोपऱ्यावरचा पहिला घाव मालक घालतो आणि गवंडी हात बांधून उभा राहतो. राहायला जायच्या आधी रिकामी बाज त्या कोपऱ्यावरून वळवून नेतात. ती घासली तर पुन्हा फोडायचं.

गेल्या श्रावणात या पायरीवरून मी पडले. खुब्याचं हाड मोडलं. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून पोरांनी मला स्ट्रेचरवर घालून नेलं. पन्नास वर्षं मी हा कोपरा बसून बघितला होता, आडवं पडून तेव्हा पहिल्यांदाच बघितला. स्ट्रेचर वळलं, कुठं टेकलंसुद्धा नाही. मी हात बाहेर काढून दगडाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "राणोजीदादा, बरोबर आलं बघा माप." पोरांना वाटलं, म्हातारी तापात बरळतेय.