पगडीला मान

कोंढवळीच्या सरदार फत्तेसिंगरावांनी वासराएवढा थोरला कुत्रा आणला. त्याचं नाव शमशेर. जरीची पगडी दिसली की भुंकायचं नाही, शेपूट हलवायची, असं त्यांनी त्याला जातीने शिकवलं. मग कुत्री सांभाळणाऱ्या साळूला बोलावलं.

"साळू, गढीच्या दाराला शमशेरच शोभतो. ती वीतभर कुत्री, चिमी, उद्या बिबट्याच्या रानात सोडून ये."

चिमीला साळूने बोटाने दूध चाटवून जगवलं होतं.

"सरकार, एकदा दोघांची पारख होऊ द्या."

"होऊ दे. चिमी हरली, तर तूही गढी सोडायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी जरीच्या पगडीतले एक मामलेदार दाराशी घोड्यावरून उतरले. शमशेरने शेपूट हलवली. सरदार लगबगीने पुढे होऊन कमरेत वाकले. चिमी मात्र पाहुण्यांच्या धोतराला हिसके देत भुंकत सुटली.

"हाणा त्या कुत्रीला!" सरदार कडाडले.

शिपायाने काठी उगारली. साळू चिमीच्या आड उभी राहिली.

"भिवाकाका, पगडी उतरवा," ती पाहुण्यांना म्हणाली.

पगडीखालून शेजारगावचा बहुरूपी निघाला!

सरदार लालबुंद झाले. "या शमशेरला काडीची अक्कल नाही!"

"त्याला बोल लावू नका, सरकार," साळू हळूच म्हणाली. "पगडी दिसली की वाकायचं, हे तो तुमच्याकडूनच शिकला. चिमीला शिकवायचं तेवढं राहून गेलं."

शिपायाने हसू दाबत काठी खाली केली.

"चिमी दाराशीच राहू दे," सरदार अखेर म्हणाले. "आणि तिला काही शिकवू नकोस."